दर पावसाळ्यात कन्व्हर्शन का पडतं? हायड्रोटाल्साइटवरच्या अल्डिहाइड कंडेन्सेशनचं जुनं दुखणं

लक्षण असं. बेन्झाल्डिहाइड आणि हेप्टानल या दोन अल्डिहाइडचे रेणू जोडून, पाणी बाहेर काढून (हेच कंडेन्सेशन), जास्मिनाल्डिहाइड हे फुलांच्या वासाचं रसायन करायचं. उत्प्रेरक घन, म्हणजे कॅल्साइन केलेलं (भट्टीत कडक तापवलेलं) मॅग्नेशियम-अ‍ॅल्युमिनियम हायड्रोटाल्साइट. तापमान १२० अंश सेल्सियसच्या आसपास, वर नायट्रोजनचा फुगा. फेब्रुवारीत बॅच निमूट चालते. जुलैत तीच कृती, तोच फ्लास्क, तेच हात, आणि जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफ, मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) हेप्टानलचा पीक, म्हणजे आलेखावरचा उंचवटा, खाली येतच नाही; कन्व्हर्शन, म्हणजे कच्च्या मालाचं रूपांतर, अडलेलं. चारला नमुना टाका, सहाला टाका, आठला टाका, आणि मग घरी फोन करून सांगा की जेवायला माझ्यासाठी थांबू नका.

आमच्याकडे हे सलग तीन पावसाळे झालं. पहिल्या वर्षी मॅग्नेशियम नायट्रेटच्या लॉटवर खापर फोडलं. नवा लॉट मागवला, तो हातात पडेपर्यंत दसरा उजाडला, त्यातून केलेला उत्प्रेरक छान चालला आणि आम्ही प्रश्न सुटला म्हणून फाइल बंद केली. पुढच्या जूनमध्ये त्याच 'चांगल्या' लॉटने मान टाकली तेव्हा कळलं, की ऑक्टोबरात फक्त लॉट बदलला नव्हता, हवाही बदलली होती. दुसऱ्या वर्षी मग दमटपणाला धरलं. सिलिका जेल बदललं, बॅलन्स रूममध्ये हवा कोरडी करायचं यंत्र बसवलं. फरक पडला, पण अर्धामुर्धा. अर्धामुर्धा फरक हा सगळ्यात वाईट, कारण आपण बरोबर रस्त्यावर आहोत असं वाटत राहतं आणि दुसरीकडे कुणी बघतच नाही.

तिसऱ्या वर्षी सापडलं ते हे, की चोर दोन होते आणि दोघंही एकाच महिन्यात घरात शिरत होते. त्यातल्या एकाचा पावसाशी काही संबंध नव्हता.

हवा आम्लधर्मी आहे

पुण्यात घन उत्प्रेरक म्हटलं की डोळ्यांसमोर झिओलाइट (सूक्ष्म छिद्रांचे अ‍ॅल्युमिनोसिलिकेट) येतात. पाषाणच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) ऐंशीच्या दशकात 'एन्सिलाइट' नावाचे झिओलाइट उत्प्रेरक घडले, आणि इथल्या बऱ्याच जणांचे हात त्याच परंपरेत तयार झालेत. माझेही. झिओलाइट हा आम्ल उत्प्रेरक. तो कपाटात बाटलीत महिनाभर ठेवा, वापरायच्या आधी तापवून पाणी घालवा, झालं काम. हीच सवय आपण हायड्रोटाल्साइटसारख्या बेसला (अल्कधर्मी उत्प्रेरकाला) लावतो, आणि इथेच फसतो. घन आम्लाला हवेची फारशी भीती नसते, कारण हवेत बेस नसतोच म्हटलं तरी चालेल. घन बेसला मात्र हवा म्हणजे शत्रूचं घर. कार्बन डायऑक्साइड हा आम्लधर्मी वायू आज हवेत ४०० पीपीएमच्या (दहा लाखांत ४०० भागांच्या) वर आहे, आणि चार माणसं बसलेल्या बंद एसी खोलीत तो सहज हजाराच्या पुढे जातो.

हे मला कुठल्या पेपरातून नाही, आमच्या लॅबमधल्या मामांकडून उमगलं. मामा फरनेस लावतात, काचसामान धुतात आणि तंबाखू मळतात. एकदा त्यांच्या चुन्याची डबी खिडकीत उघडी राहिली. संध्याकाळी चुन्यावर कडक पापुद्रा. मामा तो नखाने खरवडत म्हणाले, "मॅडम, चुना उघडा राहिला की मरतो. पानवाला बघा, वर कायम पाणी ठेवतो." चुन्यावर पाणी ठेवलं की हवेशी गाठ कमी पडते, म्हणून पापुद्रा धरत नाही. त्या खिडकीपासून चार हातांवर आमचं कॅल्साइन केलेलं हायड्रोटाल्साइट वॉच ग्लासवर 'गार व्हायला' ठेवलेलं होतं.

हायड्रोटाल्साइटची रचना ज्यांनी हाताळली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सहा मॅग्नेशियमला दोन अ‍ॅल्युमिनियम, सोळा हायड्रॉक्सिल, एक कार्बोनेट, चार पाणी. धातू-हायड्रॉक्साइडचे पापुद्रे एकावर एक, आणि मधल्या फटीत कार्बोनेट आणि पाणी. तापवत नेलं की दोनशे अंशांपर्यंत मधलं पाणी जातं, मग पाचशेपर्यंत हायड्रॉक्सिल आणि कार्बोनेट जातात, आणि हातात येतो मॅग्नेशियम-अ‍ॅल्युमिनियमचा मिश्र ऑक्साइड. त्याच्या पृष्ठभागावरचे ऑक्सिजन आयन हे आपले बेसिक साइट, म्हणजे जिथे अभिक्रिया घडते त्या जागा. फार तापवलं, म्हणजे आठशे-नऊशेकडे नेलं, तर स्पिनेल नावाचं स्थिर ऑक्साइड तयार होतं आणि खेळ संपतो. पण साडेचारशेला थांबलात तर या ऑक्साइडला स्वतःचं पूर्वीचं रूप आठवत असतं. पाणी मिळालं की तो परत पापुद्रे बांधतो, आणि बांधताना मधल्या फटीत जो ऋण आयन मिळेल तो ओढून घेतो. त्याची सगळ्यात लाडकी निवड म्हणजे कार्बोनेट.

म्हणून 'पावसाळ्यात दमटपणामुळे बिघडतं' हे अर्धंच खरं. नुसतं पाणी मिळालं आणि कार्बन डायऑक्साइड नसेल, तर फटीत हायड्रॉक्साइड बसतं, आणि तो उत्प्रेरक अल्डॉल अभिक्रियांत (आपलं कंडेन्सेशन त्यांतलंच) बऱ्याचदा कोरड्या ऑक्साइडपेक्षा तेज निघतो. लोक मुद्दाम तसं करतात: उकळून गार केलेल्या, कार्बन डायऑक्साइड घालवलेल्या पाण्यात, नायट्रोजनखाली. (पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांनाच उकळतं. चालतं. जरा जास्त वेळ उकळा.) पाणी हा दार उघडणारा. घरात शिरून बसतो तो कार्बन डायऑक्साइड. जुलैत दोघं हातात हात घालून येतात.

पण आधी अल्डिहाइड तपासा

आता दुसरा चोर, जो आम्हाला तिसऱ्या वर्षापर्यंत दिसला नाही. उत्प्रेरकाच्या मागे लागायच्या आधी हा तपासा, कारण याला अर्धा तास आणि एक ब्युरेट पुरते.

बेन्झाल्डिहाइड हवेत आपोआप ऑक्सिडाइज होऊन बेन्झोइक आम्ल बनतं. हे प्रत्येक रसायनशास्त्र्याला माहीत असतं आणि प्रत्येक जण विसरतो. बाटलीच्या मानेभोवती पांढरे स्फटिक दिसले तर समजा की बरंच पुढे गेलंय. पण स्फटिक दिसायच्या खूप आधीच आपल्या कामाचं नुकसान झालेलं असतं. हिशोब करून बघा.

समजा उत्प्रेरकावर दर ग्रॅमला ०.५ मिलिमोल बेसिक साइट आहेत. बॅचला एक ग्रॅम उत्प्रेरक आणि २० ग्रॅम बेन्झाल्डिहाइड. त्यात फक्त १ टक्का बेन्झोइक आम्ल असेल, तर ते झालं ०.२ ग्रॅम. रेणुभार १२२, म्हणजे साधारण १.६ मिलिमोल. साइट अर्धा मिलिमोल, आम्ल त्याच्या तिप्पट. अभिक्रिया सुरू व्हायच्या आधीच प्रत्येक साइटवर कुणीतरी येऊन बसलेलं. आणि हायड्रोटाल्साइट तर पोटातल्या आम्लपित्तावरच्या गोळ्यांतही वापरतात. ज्याचा धंदाच आम्ल खाण्याचा, त्याच्यापुढे आम्ल वाढलंत तर तो ते सोडेल कशाला?

बरं, हे ऋतूनुसार कसं होत होतं? याचं उत्तर कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही, ते आमच्या खरेदी-नोंदवहीत होतं. मार्चएंडला बजेट संपवायचं म्हणून वर्षभराचं बेन्झाल्डिहाइड एकदम घेतलं जाई. मार्च-एप्रिलमध्ये ताज्या बाटल्या. मग त्याच बाटल्या अर्ध्या रिकाम्या, वर हवा भरलेल्या, पत्र्याखालच्या स्टोअरमध्ये पुण्याचा चाळिशीला टेकणारा मे महिना काढत. जूनअखेर त्यांतून बॅच लागे. ऑक्टोबरात एखादी तातडीची ऑर्डर निघाली की पुन्हा ताजा माल. आम्ही आभाळाकडे बघत होतो आणि उत्तर अकाउंट्सच्या टेबलावर होतं.

जीसीने हे पकडलं का नाही? आमच्या कॉलमवर बेन्झोइक आम्ल नीट पीक देतच नाही, लांब शेपटी काढून बेसलाइनमध्ये विरघळतं. रिपोर्टवर शुद्धता ९९.५ म्हणून ऐटीत छापून येते. जीसीच्या शुद्धतेवर आम्लाच्या बाबतीत विश्वास ठेवू नका.

टायट्रेशन करा. अल्कोहोल घ्या, त्यात फिनॉल्फ्थॅलीन टाकून थेंबभर अल्कलीने आधी उदासीन करून ठेवा. त्यात ५ ग्रॅम अल्डिहाइड, फ्लास्क बर्फात, आणि ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड. पंधरा-वीस सेकंद टिकणारा गुलाबी रंग आला की थांबा, रंग कायमचा राहावा म्हणून ओतत बसू नका. दर मिलिलिटरला १२.२ मिलिग्रॅम बेन्झोइक आम्ल. एक टक्का असेल तर चार मिलिलिटरच्या थोडं वर जाईल. नुकतंच ऊर्ध्वपातन केलेल्या मालासाठी मात्र ०.०१ नॉर्मल द्रावण घ्या, नाहीतर उत्तर दोन थेंबांत संपतं आणि काहीच कळत नाही. वरच्या हिशोबाप्रमाणे ०.०२ टक्के आम्लही साइटपैकी साडेसहा टक्के खातं. त्यापेक्षा जास्त निघालं तर मी ते वापरत नाही.

साफ करायची पद्धत जुनीच: दहा टक्के सोडियम कार्बोनेटने धुवा, मग पाण्याने, मॅग्नेशियम सल्फेटवर वाळवा, कमी दाबाखाली ऊर्ध्वपातन करा. वातावरणाच्या दाबाला ते १७८-१७९ अंशांना उकळतं, १० मिलिमीटर दाबाला ६२ च्या आसपास. आमच्या एका ज्युनिअरने ऊर्ध्वपातन टाळून नुसतं धुऊन-वाळवून वापरलं, आणि बॅच झकास गेली. सगळे खूश. नंतर लक्षात आलं की कार्बोनेटचे सूक्ष्म थेंब आतच राहिले होते आणि काम त्यांनी केलं होतं, उत्प्रेरकाने नाही. ऊर्ध्वपातन टाळू नका. गोळा करताना नायट्रोजनखाली घ्या आणि त्याच दिवशी वापरा. सकाळी साफ केलेलं बेन्झाल्डिहाइड दुसऱ्या दिवशी साफ आहे असं धरून चालू नये.

हेप्टानललाही हाच नियम. ते एरंडेलाच्या रिसिनोलिक आम्लापासून येतं, आणि उघडं राहिलं की हेप्टानोइक आम्ल बनतं. खवट वास आला तर टायट्रेशनचीही गरज नाही.

आता उत्प्रेरकाकडे

अल्डिहाइड स्वच्छ निघालं आणि तरीही कन्व्हर्शन येत नसेल तर भट्टी ते फ्लास्क हा प्रवास तपासा. महागड्या चाचण्या नंतर. तीन गोष्टी घरच्या घरी कळतात.

पहिली, वजन. वर सांगितलेल्या रचनेचं हायड्रोटाल्साइट पूर्ण कॅल्साइन झालं तर ४३ टक्के वजन घटायला हवं. ५ ग्रॅम टाकलं तर २.८५ च्या आसपास निघालं पाहिजे. माल थोडा ओलसर असेल तर घट अजून जास्त दिसेल, ते ठीक. पण ३.३ निघालं, तर एक तर भट्टीचा आकडा खोटं बोलतोय, नाहीतर बाहेर काढल्यावर पावडरने परत काहीतरी पोटात घातलंय. आमच्या मफल भट्टीमध्ये डिस्प्ले ४५० दाखवत होता आणि दारापाशी ठेवलेल्या क्रूसिबलमध्ये वेगळं थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) घातलं तर कितीतरी कमी. शिवाय मामा जागा वाचवायला खोल क्रूसिबल काठोकाठ भरत. तळाच्या पावडरमधून निघालेला कार्बन डायऑक्साइड आणि वाफ वरच्या थरातून वाट काढत बसतात. पसरट भांडं, पातळ थर, मिनिटाला पाच अंश, ४५० ला चार-पाच तास, आणि शक्य तर वायूचा प्रवाह.

गुरुवारी भट्टी लावू नका. पुण्यात त्या दिवशी दुरुस्तीसाठी वीज जाते, परत येते, कंट्रोलरचा प्रोग्राम शून्यावर गेलेला असतो आणि माल मधल्या काळात दमट हवेत निवत बसतो. सकाळी आलात की भट्टी बंद, भांडं गार, आणि रात्रभरात नेमकं काय झालं याची साक्ष द्यायला कुणी नाही.

दुसरी चाचणी बॅलन्सवर. कॅल्साइन केलेली एक ग्रॅम पावडर गरम असताना झाकणाच्या वजन-बाटलीत घ्या, गार होऊ द्या, झाकण काढा आणि बॅलन्सच्या काचा बंद करून आकड्यांकडे बघत बसा. मार्चमध्ये चौथा दशांश रांगतो. जुलैत मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा चौथा दशांश वाचताच येईना, आणि चहा पिऊन परत येईपर्यंत दुसरा बदललेला. यातलं बरंचसं पाणी असतं, पण आपल्याला वेग कळतो. 'दोन मिनिटं बाहेर होतं फक्त' या वाक्याची किंमत कळते.

तिसरी, आम्लाची. चिमूटभर पावडर, त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल. कार्बोनेट शिरलं असेल तर खाण्याच्या सोड्यावर लिंबू पिळल्यासारखं फसफसतं, ताजा ऑक्साइड मुकाट विरघळतो. एक खबरदारी: कोरड्या पावडरच्या कणांत अडकलेली हवाही बुडबुडे काढते आणि आपण उगाच घाबरतो. म्हणून आधी उकळून गार केलेल्या पाण्याने भिजवा, हलवा, हवा जाऊ द्या, मग आम्ल.

एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना बघणारं यंत्र) हाताशी असेल तर प्रश्नच नाही. तांब्याच्या किरणांखाली ११.५ अंशांच्या आसपासचा पीक म्हणजे पापुद्रे. कॅल्साइन केल्यावर तो पूर्ण नाहीसा होऊन ४३ आणि ६२ च्या आसपास रुंद पीक राहायला हवेत. 'कॅल्साइन केलेल्या' नमुन्यात ११.५ ला उंचवटा दिसला तर स्मरणशक्तीने काम केलंय. फक्त लक्षात ठेवा, एक्सआरडीचा नमुना होल्डरमध्ये दाबून रांगेत पडून असतो. तिथेच बिघडलेला नमुना बघून भट्टीला दोष देऊ नका.

"डेसिकेटरमध्ये ठेवलं होतं ना!"

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय आणि इतक्या वेळा स्वतः म्हटलंय की त्याला वेगळी जागा देते.

सिलिका जेल पाणी घेतं. कार्बन डायऑक्साइड त्याच्या हिशोबात नाही. दहा लिटरचा डेसिकेटर (माल कोरडा ठेवायचं झाकणाचं भांडं) एकदा उघडून बंद केला की आत खोलीची दहा लिटर हवा आली. ४२० पीपीएम धरलं तर त्यात ४.२ मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड, म्हणजे सुमारे ०.१७ मिलिमोल. आपल्या एक ग्रॅम उत्प्रेरकावर साइट ०.५ मिलिमोल. सगळं शोषलं गेलं तर एका उघडझापेला एक तृतीयांश साइट गेल्या. आमच्या डेसिकेटरमध्ये सहा जणांचे नमुने असत. दिवसातून किती वेळा उघडत असेल, तुम्हीच मोजा.

उपाय दोन. डेसिकेटर वापरायचाच असेल तर सिलिका जेलशेजारी कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या सोडा लाइम किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्यांची वाटी ठेवा आणि तो डेसिकेटर फक्त बेससाठी राखा. 'बेस. उघडू नये.' असं लिहून चिकटवलं तरी लोक उघडतात, तेव्हा किल्लीवाल्या कपाटात ठेवा. खरा उपाय म्हणजे साठवूच नका. आम्ही आता काचेच्या नळीत, नायट्रोजनच्या प्रवाहात कॅल्साइन करतो, प्रवाह चालू ठेवूनच गार करतो, आणि नळी उलटी करून पावडर थेट नायट्रोजनखालच्या फ्लास्कमध्ये ओततो. वॉच ग्लास नाही, बटर पेपर नाही, चमचा नाही. वजन कसं करायचं? नळी आधी आणि नंतर तोला. उत्प्रेरक नेमका एक ग्रॅम हवा हा हट्ट सोडा, १.०७ पडला तर १.०७ लिहा.

एवढं करूनही बेन्झाल्डिहाइडमध्ये उत्प्रेरक टाकून 'सकाळी हेप्टानल घालू' म्हणून घरी जाऊ नका. बेन्झाल्डिहाइडला अल्फा हायड्रोजन (अल्डिहाइड गटाशेजारच्या कार्बनवरचा) नाही, म्हणून ते स्वतःशी अल्डॉल करत नाही, पण गप्पही बसत नाही. जोरकस बेसवर तिश्चेंको अभिक्रियेने बेन्झिल बेन्झोएट होतं, आणि पाण्याचा अंश असेल तर कॅनिझारोच्या वाटेने बेन्झोएट तयार होऊन साइटवर ठाण मांडतं. म्हणजे बाहेरून आम्ल येऊ दिलं नाही तरी आत तयार होतं.

सिलेक्टिव्हिटी पडते ती वेगळी तक्रार

कन्व्हर्शन ठीक, पण जास्मिनाल्डिहाइड कमी आणि जीसीवर शेजारी मोठा पीक: हे हेप्टानलचं स्वतःशीच झालेलं कंडेन्सेशन, २-पेंटिल-२-नोनेनल. नाकालाही कळतं, फुलांच्या वासाऐवजी जड तेलकट वास येतो. याचा हवेशी संबंध नाही. बेन्झाल्डिहाइड साधारण पाचपट मोल ठेवा (२० ग्रॅमला हेप्टानल साडेचार ग्रॅमच्या आतबाहेर) आणि हेप्टानल एकदम न ओतता थेंबथेंब घाला. हेप्टानलला हेप्टानल भेटायची संधीच कमी करायची, एवढंच.

पहिली बॅच उत्तम, दुसरी मेलेली

यात उत्प्रेरक दमला असं समजायच्या आधी शंका घ्या की पहिल्या बॅचमध्ये तो काम करत होता का. हायड्रोटाल्साइट अवक्षेपित करताना सोडियम हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेट वापरतात. धुण्यात कंटाळा केला तर सोडियम आत राहतं, पहिल्या बॅचमध्ये सुटून विरघळतं आणि झकास काम करतं. दुसऱ्या बॅचला ते उरलेलंच नसतं.

फिनॉल्फ्थॅलीनने सोडियम तपासायला जाऊ नका. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचं पाणी स्वतःच साडेदहाच्या आसपास पीएच देतं, गुलाबी होणारच. ज्योतीची चाचणीही निरुपयोगी, सोडियमचा पिवळा रंग हाताच्या घामानेही येतो. फ्लेम फोटोमीटरवर आकडा घ्या. आणि गरम गाळणीची चाचणी करा: कन्व्हर्शन तीसेक टक्के झालं की अभिक्रियेच्या तापमानालाच गाळा, गाळलेला द्रव त्याच तापमानाला नायट्रोजनखाली ढवळत ठेवा. आकडा पुढे सरकत राहिला तर काम विरघळलेल्या बेसचं आहे. गाळायला थांबलात, द्रव गार झाला, सुटलेलं परत पावडरवर बसलं, तर चाचणी फुकट.

याच जातीचा आणखी एक खोटा साक्षीदार म्हणजे फ्लास्क. आमच्याकडे काचसामान अल्कोहोलिक पोटॅशच्या (अल्कोहोलमधल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या) टबात बुडवून ठेवतात. नीट विसळलं नाही तर काचेवर राहिलेला पुसट थरही अल्डॉल करतो. उत्प्रेरकाशिवाय, त्याच फ्लास्कमध्ये, त्याच ढवळणीसह एक ब्लँक बॅच लावा. मी पहिल्यांदा लावली तेव्हा ब्लँकमध्ये प्रॉडक्ट दिसलं, आणि जुन्या नोंदवहीतल्या काही चांगल्या आकड्यांकडे मला संशयाने बघावं लागलं.

वापरलेला उत्प्रेरक परत जागा करताना

खरोखर अभिक्रियेतच दमलेला उत्प्रेरक ओळखायला सोपा: पिवळा, मग तपकिरी. मोठे, चिकट कंडेन्सेशन-पदार्थ साइटवर बसलेले असतात. टोल्युइनने धुवा, मग मेथॅनॉलने, पूर्ण वाळवा आणि नंतरच हवेच्या प्रवाहात हळूहळू ४५० पर्यंत न्या. ओला माल मफलमध्ये टाकलात तर सॉल्व्हंटची वाफ पेट घेते. हे एकदा बघितलेलं पुरे.

आणि अ‍ॅसिटोनने धुऊ नका. लॅबमध्ये हात आपोआप अ‍ॅसिटोनच्या बाटलीकडे जातो, पण जिवंत बेसिक साइटवर अ‍ॅसिटोन स्वतःशीच कंडेन्स होतं, डायअ‍ॅसिटोन अल्कोहोल आणि पुढे मेसिटिल ऑक्साइड. म्हणजे घाण काढायला गेलो आणि नवी घालून आलो. आमच्या फिल्ट्रेशनच्या टेबलावरून ती बाटली मी आता उचलून सिंकपाशी ठेवली आहे. मामा रोज संध्याकाळी ती परत टेबलावर आणून ठेवतात.